आमवाताच्या इंजेक्शनआधी टीबीची तपासणी का? (मॅक्रोफेज, सायटोकाइन वगैरे)

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. औषधाचा सल्ला मागत नाहीये, तो डॉक्टरांकडून घेतच आहोत. मला समजून घ्यायचंय, म्हणून धागा काढला.

आईला (वय ६४) आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट आणि जोडीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. तरीही सकाळी बोटं अशी आखडतात की दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. आता डॉक्टरांनी अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुचवलंय. ते म्हणे शरीरातल्या टीएनएफ नावाच्या सायटोकाइनला अडवतं. पण इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी करायला सांगितली आहे.

आईचं म्हणणं, "मला उभ्या जन्मात टीबी झाला नाही, साधा खोकलाही नाही, मग हे कशाला?" मामांचं म्हणणं, "प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, भानगडीत पडू नका." दोघांनाही नीट उत्तर द्यायचंय. सांध्यांची सूज आणि टीबी यांचा संबंध काय? सोपं करून सांगा, पण सोपं करताना चुकीचं नको.

कऱ्हाडकर
तपासणी करून घ्या, ताई. माझ्या मेव्हण्याला पाठीच्या आजारासाठी (अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस) याच जातीचं इंजेक्शन दिलं होतं. तेव्हा टीबीची तपासणी राहून गेली. काही महिन्यांनी ताप, वजन उतरलेलं, पोटात पाणी. पोटाचा टीबी निघाला. उपचाराने बरे झाले, आता ठणठणीत आहेत, पण ते दिवस आठवले तरी नको वाटतं. कारण काय ते जाणकार सांगतीलच.

पेशीवाला
सायलीताई, मी याच विषयात काम करतो, प्रयोगशाळेत, रुग्णांवर नाही. थेट टीएनएफला हात घातला तर गोंधळ होईल, म्हणून आधी जंतूपासून येऊ.

टीबीचा जंतू श्वासातून फुफ्फुसाच्या वायुकोशात पोचला की त्याला पहिल्यांदा गाठते ती तिथे मुक्कामाला असलेली मॅक्रोफेज. तिचं कामच गिळण्याचं. धूळ, मेलेल्या पेशी, जंतू, सगळं. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो. मग पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी त्या पिशवीला येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. टीबीचा जंतू या दोन पिशव्या एकमेकींना मिळूच देत नाही. १९७१ मध्ये लंडनला आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवलं. म्हणजे जिने मारायचं तिच्याच पोटात हा राहतो आणि वाढतो.

ती मॅक्रोफेज अगदीच गप्प बसत नाही. तिच्यावरचे टोल रिसेप्टर जंतूच्या आवरणातले रेणू ओळखतात आणि ती आयएल-१२, आयएल-१, टीएनएफ अशी सायटोकाइन सोडते. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने सोडलेलं आणि दुसरीचं वागणं बदलणारं छोटं प्रथिन. आयएल-१२च्या प्रभावाखाली टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) इंटरफेरॉन गॅमा हे आणखी एक सायटोकाइन बनवू लागतात. तो येऊन त्याच मॅक्रोफेजला चिकटला की ती खऱ्या अर्थाने चेतते. पिशवीतलं आम्ल वाढतं, ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे जहाल रेणू तयार होतात, अडलेल्या पिशव्या जुळायला लागतात, आणि जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवण्याची तिची क्षमताही वाढते. यालाच मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. टी पेशींची फौज तयार होऊन फुफ्फुसात पोचायला काही आठवडे जातात, तोवर जंतूला मोकळं रान असतं.

आता टीएनएफ. तो इंटरफेरॉनच्या जोडीने मॅक्रोफेजला आणखी चेतवतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकट करतो, त्यामुळे नव्या पेशी तिथे उतरतात. आणि या सगळ्या पेशींची जी घट्ट गाठ बनते, ग्रॅन्युलोमा, ती टिकवून धरतो. जंतू त्या गाठीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. माणसाला ना खोकला, ना ताप.

टीएनएफ अडवलं की ती गाठ सैल पडते. तुमच्या आईंना टीबी "झाला" नसेल, पण जंतू आत असू शकतो. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येत तो असा दबून असतो. त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. टीएनएफ काढून घेतलं की हा हिशेब बिघडतो.

रानफूल
पेशीवाला, अगदी सुरेख. एक शंका. मग सांध्यात टीएनएफ कशाला येतं? तिथे तर जंतू नाही ना?

आडवाटेचा_वैद्य
रानफूल, ते मी सांगतो. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे, सांध्यांचे पेशंट रोज बघतो.

आमवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजून जाड होतं आणि त्यात मॅक्रोफेजची दाटी होते. या मॅक्रोफेज चेतलेल्याच असतात. त्यांना कुठल्या जंतूने नाही, तर बिघडलेल्या टी पेशी, स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं आणि त्यांचे साचलेले थर यांनी चेतवलेलं असतं. त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ ओतत राहतात. त्याने अस्तराच्या पेशी कूर्चा विरघळवणारी द्रव्यं सोडतात आणि हाड खाणाऱ्या पेशीही जाग्या होतात. एक्स-रेत हाडाच्या कडेला जे खड्डे दिसतात ते त्यांचं काम. आयएल-६ यकृतात जाऊन सीआरपी (सूज किती आहे ते सांगणारं रक्तातलं प्रथिन) वाढवतं, म्हणून आम्ही ती तपासणी परत परत करायला लावतो. सकाळचा ताठरपणा, थकवा, रक्त कमी होणं, या सगळ्यात हीच मंडळी असतात.

१९८०च्या दशकात बहुतेकांचं मत असं होतं की इतकी सायटोकाइन आहेत, एकाला अडवून काय होणार, दुसरं जागा घेईल. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यात टीएनएफविरुद्ध प्रतिपिंड घातलं. टीएनएफ थांबलंच, पण आयएल-१ सुद्धा खाली आलं. म्हणजे टीएनएफ वरच्या पायरीवर होतं. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना ते प्रतिपिंड दिलं गेलं. आज ज्यांची बोटं वाकडी होण्यापासून वाचली आहेत त्यांच्यामागे तो बशीतला प्रयोग आहे. मी शिकत होतो तेव्हाच्या वॉर्डातले आमवाताचे हात आणि आजचे हात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून मामांना सांगा, "भानगडीत पडू नका" हा सल्लाही फुकटचा नाही. उपचार न केलेला आमवात सांधे तर नेतोच, हृदयविकाराचा धोकाही वाढवतो.

आणि टीबीचं म्हणाल, तर २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफ अडवणारंच औषध) घेतलेल्या ७० रुग्णांना टीबी झाल्याचा अहवाल आला. बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतबाहेरच. निम्म्याहून अधिक जणांना फुफ्फुसाबाहेरचा. कऱ्हाडकरांच्या मेव्हण्यांना पोटातला झाला, तो या चित्रात चपखल बसतो. तेव्हापासून आधी तपासणी हा नियम झाला. भारतात जगातले सुमारे पाव टीबी रुग्ण आहेत, इथे तो नियम ढिला करून चालणारच नाही.

जुनाजाणता
सगळं वाचलं. शास्त्र मान्य. पण एक गोष्ट मनाला पटत नाही. शरीराने स्वतः बनवलेली वस्तू अडवायची म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध जाणं. त्यापेक्षा प्रतिकारशक्ती वाढवावी. आमच्या घरी कोविडपासून गुळवेलीचा काढा रोज होतो. सायलीताई, आईंना देऊन बघा.

पेशीवाला
जुनाजाणता काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, इथे मी अजिबात सहमत नाही. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या जागी अति चाललेली असते. ती आणखी "वाढवायची" म्हणजे काय वाढवायचं? टीएनएफ? आयएल-६? आईंच्या सांध्यात ते आधीच उतू जातंय.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना झालेल्या यकृताच्या इजेबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नक्की तीच होती का, असा प्रश्न उपस्थित केला. वाद झाला, पण ज्या बाईंच्या पोटात आधीच मेथोट्रेक्सेट जातंय, ज्याचा ताण यकृतावरच पडतो, त्यांनी डॉक्टरांना न विचारता काढा सुरू करू नये, इतकं तरी तुम्हीही मान्य कराल.

जुनाजाणता
डॉक्टरांना विचारून घ्यावा हे मान्य. निरोगी माणसाने घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही.

चाफेकळी
ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय. माझ्या मॅक्रोफेजनी एकमताने ठराव केलाय की हा धागा वाचून झाल्याशिवाय उतरायचं नाही :)

खडूफळा
नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून थोडा इतिहास. १८८२ हे साल मुलांना मी नेहमी सांगते. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेच्निकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली. पुढे १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं.

आठवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, गराडा पडला म्हणजे काटा संपला का?" नाही संपला. गिळणं आणि मारणं यांच्या मधली पायरी कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली. १९६०च्या दशकात जॉर्ज मॅकॅनेस याने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की एकदा संसर्ग होऊन गेलेल्या उंदराची मॅक्रोफेज जास्त जहाल असते, आणि ती इतर जंतूंवरही चालून जाते. आणि ती जहाल होते ती लसीका पेशींमुळे. कोणत्या द्रव्यामुळे, तर इंटरफेरॉन गॅमामुळे, हे १९८३ मध्ये स्पष्ट झालं.

अबोली_मडगाव
मी कुष्ठरोग आणि टीबीच्या कामात नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. सायटोकाइन म्हणजे काय हे मला पुस्तकातून नव्हे, कुष्ठरोगाच्या रुग्णांकडे बघून कळलं.

जंतू एकच. पण एका रुग्णाच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे, त्वचेच्या तपासणीत जंतू जवळजवळ सापडतच नाहीत. दुसऱ्याचा चेहरा जाड झालेला, कानाच्या पाळ्यांवर गाठी, भुवया झडलेल्या, आणि मॅक्रोफेज जंतूंनी गच्च भरलेल्या. पहिल्यात इंटरफेरॉन गॅमाचं पारडं जड असतं, मॅक्रोफेज चेततात आणि गाठी नीट बांधल्या जातात. दुसऱ्यात आयएल-४ आणि आयएल-१०चा जोर असतो, मॅक्रोफेज जंतू गिळतात आणि तशाच बसून राहतात. आमचे डॉक्टर फळ्यावर काढून दाखवायचे.

पण पहिला रुग्ण सुखी असं समजू नका. त्याची ती तीव्र प्रतिक्रियाच मज्जातंतू खराब करते. हात लुळा पडतो तो जंतूंमुळे कमी आणि सुजेमुळे जास्त. आणि दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत उपचार चालू असताना अचानक अंगभर दुखऱ्या लाल गाठी, ताप, असा झटका येतो. त्यात टीएनएफ खूप वाढलेलं असतं. यावर थॅलिडोमाइड चालतं हे १९६४ मध्ये जेरुसलेमला याकोब शेस्किन या डॉक्टरला दिसलं, त्याने ते रुग्णाला झोप लागावी म्हणून दिलं होतं. ते टीएनएफ कमी करतं हे १९९१ मध्ये कळलं. गर्भाला भयंकर अपाय करणारं औषध आहे, त्यामुळे बाईमाणसाला देताना आम्ही फार जपायचो. हे सगळं लिहिलं कारण "प्रतिकारशक्ती वाढवा" हे वाक्य ऐकलं की मला ते लुळे हात दिसतात.

विदर्भकन्या
अबोलीताई, प्रतिसाद दोनदा वाचला. खूप आभार.

पेशीवाला यांच्या वरच्या मांडणीत मला थोडी भर घालायची आहे, किंवा मतभेद म्हणा. "ग्रॅन्युलोमा म्हणजे बंदिवास, जंतू आत कोंडले" असं चित्र आपण शिकतो. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये हे प्रत्यक्ष घडताना पाहिलं आणि सुरुवातीच्या काळात वेगळंच दिसलं. जंतूच नव्या मॅक्रोफेजना बोलावून घेतात, त्या येऊन मेलेल्या मॅक्रोफेज गिळतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूही पसरतात. म्हणजे गाठ आरंभी जंतूच्या फायद्याची ठरू शकते.

आणि टीएनएफबद्दल त्यांच्याच कामातून आलेली गोष्ट अशी की कमी असलं तर मॅक्रोफेज जंतूंना आवरू शकत नाही, आणि खूप झालं तरी मॅक्रोफेज फुटून मरते आणि जंतू बाहेर मोकळे होतात. दोन्हीकडून जंतूचाच लाभ. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत औषधांबरोबर डेक्सामेथासोन देतात, ते या दुसऱ्या बाजूसाठी. त्यामुळे टीएनएफला "रक्षक" म्हणून मोकळं होणं मला पुरेसं वाटत नाही.

पेशीवाला
मान्य, भर योग्य आहे. मी रुग्णाच्या बाजूने जे लागू पडतं तेवढंच लिहिलं होतं. आधीपासून बांधलेली जुनी गाठ आणि ताजा संसर्ग यांत फरक करायला हवा. जुन्या गाठीतून टीएनएफ काढलं की काय होतं ते माणसांमध्ये २००१ पासून दिसतंच आहे.

हाच मुद्दा एम-१ आणि एम-२ या नावांनाही लागू आहे. मारणारी मॅक्रोफेज एम-१, जखम भरणारी एम-२ अशी विभागणी २००० सालच्या सुमारास लोकप्रिय झाली. बशीत इंटरफेरॉन घातलं की एक टोक दिसतं, आयएल-४ घातलं की दुसरं. शरीरात मात्र एकाच गाठीच्या मध्यभागी एक तऱ्हा आणि कडेला दुसरी, आणि तीच पेशी आठवड्याभरात वागणं बदलते.

आंबाघाट
कोविडचा विषय कोणीच काढला नाही? सायटोकाइन स्टॉर्म हा शब्द तेव्हा घराघरात पोचला. वडील ऑक्सिजनवर होते तेव्हा टॉसिलिझुमॅबसाठी आम्ही अख्खं शहर पालथं घातलं होतं.

आडवाटेचा_वैद्य
आंबाघाट, त्या दिवसांत आमच्याकडेही दिवसाला किती नातेवाईक तेच नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन यायचे. ते आयएल-६चा रिसेप्टर अडवतं. मुळात आमवाताचंच औषध आहे, सायलीताईंच्या आईंसाठीही कधी पर्याय म्हणून पुढे येऊ शकतं.

कोविडमधला सगळ्यात मोठा धडा माझ्या मते स्वस्तातल्या डेक्सामेथासोनने शिकवला. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा नाही, उलट अपायाचीच शंका. तेच औषध, तोच आजार, फक्त वेळ वेगळी. पहिल्या दिवसांत विषाणूला मारणारी प्रतिक्रिया हवी असते, नंतर तीच फुफ्फुस बुडवते. हे न जुमानता घरोघरी ताप आल्या दिवसापासून स्टिरॉइड घेतली गेली. साखर बेसुमार वाढली, मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल लुळ्या पडल्या, आणि २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात लोकांचे डोळे आणि जबडे नेले. मी ते पाहिलंय. म्हणून "स्टिरॉइडने बरं वाटतं" म्हणून स्वतःहून गोळ्या चालू ठेवणाऱ्या आमवाताच्या पेशंटवर मी आजही चिडतो.

साधामाणूस
माझ्या पुतणीला डेंग्यूनंतर ताप उतरेचना. प्लेटलेट तर खाली होत्याच, पण फेरिटिन हजारोंच्या घरात गेलं. डॉक्टर म्हणाले मॅक्रोफेज स्वतःच्याच रक्तपेशी खात आहेत. तेव्हा काही कळलं नव्हतं. तोच हा प्रकार का?

पेशीवाला
हो, बहुधा एचएलएच. टी पेशी आणि मॅक्रोफेज एकमेकांना चेतवत राहतात आणि थांबवणारी कळ दाबलीच जात नाही. इंटरफेरॉन गॅमा बेफाम वाढतो. अस्थिमज्जेत रक्तपेशी गिळलेल्या मॅक्रोफेज दिसतात. लहान मुलांच्या एका प्रकारच्या संधिवातातही हे होतं, तिथे त्याला मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. पुतणी कशी आहे आता?

साधामाणूस
छान आहे. स्टिरॉइड दिली, आठवडाभर आयसीयूत होती. आता कबड्डी खेळते.

रानफूल
बरं वाटलं वाचून.

इंटरफेरॉनच्या उलट्या टोकाचं उदाहरण माझ्या माहितीत आहे. शेजारच्या बाळाला बीसीजीची लस दिल्यावर बगलेत मोठी गाठ आली, मग इतर ठिकाणीही. लसीतला दुर्बळ जंतूच अंगभर पसरला होता. परळच्या केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे तपासणी झाली. इंटरफेरॉन गॅमाचा रिसेप्टर जन्मतःच सदोष निघाला. म्हणजे टी पेशी सांगत होत्या, मॅक्रोफेजला ऐकूच येत नव्हतं. बाळाचे आईवडील सख्ख्या मामा-भाचीच्या नात्यातले. बगलेतली छोटी गाठ बऱ्याच बाळांना येते आणि आपोआप जाते, त्यामुळे घाबरून लस टाळू नका. पण गाठी वाढत गेल्या किंवा पसरल्या तर लगेच दाखवा.

टेक्सासची_मावशी
सायली, इथे माझ्या नणंदेला क्रोन्ससाठी (आतड्याच्या सुजेचा आजार) हेच इंजेक्शन द्यायचं होतं. आधी हातावरची ट्यूबरक्युलिन टेस्ट केली, ती फुगली. ती म्हणाली, "मला लहानपणी बीसीजी दिलंय, म्हणून फुगणारच." मग रक्ताची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. दोन्हींत फरक काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कुणी सांगेल का?

पेशीवाला
मावशी, हातावरच्या जुन्या टेस्टमध्ये टीबीच्या जंतूची बरीच प्रथिनं एकत्र असतात, त्यातली अनेक बीसीजीच्या जंतूतही आहेत. म्हणून गल्लत होते. रक्ताच्या टेस्टमध्ये ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिनं वापरतात, ती बीसीजीत नाहीत. रक्तातल्या टी पेशींनी हा जंतू आधी पाहिलेला असेल तर त्या नळीत इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि आपण तोच मोजतो. वर ज्या इंटरफेरॉनची एवढी चर्चा झाली तोच. एक मर्यादा लक्षात ठेवा. आधीच स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असेल तर टी पेशी मंद असतात आणि उत्तर धड येत नाही. म्हणून तपासणी नवं इंजेक्शन सुरू व्हायच्या *आधी*.

सायली_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताईंचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चल, रक्त देऊन येऊ."

रिपोर्ट आला. एक्स-रे स्वच्छ, रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह. आता तिचा एकच प्रश्न आहे, "म्हणजे मला टीबी आहे का? घरात नातू आहे, त्याला होईल का?" डॉक्टरांनी आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे १२ डोस सांगितलेत. आमवाताचं इंजेक्शन लगेच नाही, साधारण महिनाभर थांबा म्हणाले. मामा आता म्हणतायत, "बघा, मी सांगत होतो."

आडवाटेचा_वैद्य
आईंना सांगा, टीबीचा *आजार* नाही. लक्षणं नाहीत, एक्स-रे स्वच्छ आहे. जंतू दबलेला आहे आणि असा जंतू दुसऱ्याला लागत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

मामांना सांगा की हा रिपोर्ट इंजेक्शन टाळण्याचं कारण नाही. आधी दबलेल्या जंतूचा बंदोबस्त, मग टीएनएफला हात, असा क्रम आहे. थांबायला सांगितलंय ते बरोबर आहे. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांतही फरक असतो. एटॅनरसेप्टमध्ये टीबीचा धोका अ‍ॅडॅलिम्युमॅबसारख्या प्रतिपिंडांच्या मानाने कमी दिसलाय. तुमच्या डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारा, पण निवड त्यांच्यावर सोपवा, आईंचे सांधे त्यांनी बघितलेत.

कऱ्हाडकर
आणि इंजेक्शन सुरू झाल्यावरही ताप, वजन उतरणं, रात्री घाम, मानेत गाठ, यातलं काही आलं तर "हवामान बदललंय" म्हणून बसू नका. आम्ही तेच करत बसलो होतो.

जुनाजाणता
सायलीताई, आईंना लवकर बरं वाटो. या १२ डोसांत पथ्य काय? काढा मी सुचवणार नाही :)

अबोली_मडगाव
काका, पथ्य सोपं आहे. दारूचा प्रश्नच नसेल, तरी सांगते, अजिबात नको. यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नयेत, कारण मेथोट्रेक्सेट आधीच चालू आहे. भूक मेली, मळमळ, उलट्या, डोळे पिवळे, असं काही झालं तर पुढचा डोस न घेता फोन करायचा. लघवी केशरी होते, ती रिफापेंटिनमुळे, तिला घाबरायचं नाही. आयसोनियाझिडबरोबर बी-६ची गोळी लागते, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून.

सायली, आईला बीपीची, साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आहे का? रिफापेंटिन यकृताला अशी औषधं लवकर संपवायला लावतं, त्यामुळे त्यांचा डोस अपुरा पडू शकतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नुसती नावं सांगू नका, पाकिटं दाखवा.

सायली_कोथरूड
अ‍ॅम्लोडिपिन आहे, आणि थायरॉइडची गोळी. दोन्ही सांगायची राहिली होती. उद्याच फोन करते.

अबोली_मडगाव
दोन्ही सांग. डोस सुरू झाल्यावर बीपी घरी मोजत राहा आणि लिहून ठेव, थायरॉइडची तपासणी मधे एकदा करायला सांगतील. आणि वार ठरवून घ्या, म्हणजे डोस चुकत नाही. आम्ही रुग्णांना गावच्या बाजाराचा वार धरायला सांगायचो.